सानं, तावदान आणि निळी काच

दिवाळीच्या आधी अंतरवालीहून पुतण्याचा फोन आला. पुतण्या म्हणजे माझ्या आत्येभावाचा थोरला. घराचं काम स्लॅबपर्यंत आलं होतं आणि आता काचेचं ठरवायचं होतं. जालन्याला त्याने एक शोरूम पाहिली होती. वरपासून खालपर्यंत सगळी निळी काच, समोरून जाणाऱ्या ट्रकसुद्धा तिच्यात दिसतात म्हणे. तसं घराला समोरून हवं होतं. "काका, तुम्ही पुण्यात राहता, तुम्हाला माहीत असंल. कोणती घेऊ?"

पुण्यात राहणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं हा एक गोड गैरसमज आहे, आणि तो मी आजवर दूर केलेला नाही :)

फोन ठेवता ठेवता मागून आत्याचा आवाज आला. "त्याला म्हणावं माझ्या खोलीला सानं ठेवा. काच लावा नाही तं लोखंड लावा."

हे लेखन त्या एका वाक्यामुळे. कारण सानं हा शब्द मी तीसेक वर्षांत ऐकला नव्हता, आणि पुतण्याला तर तो माहीतच नव्हता.

अंतरवाली सराटी हे गाव आता सगळ्यांना माहीत आहे. २०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे टीव्हीवर दिवसरात्र तेच नाव होतं. त्याआधी मात्र "अंबड तालुका, वडीगोद्रीहून आत, गोदाकाठचा मुलूख" असं सांगावं लागायचं आणि तरीही समोरचा "जालना म्हणजे मोसंबी का?" एवढंच विचारायचा. माझ्यासाठी ते आत्याचं गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं.

तिचं जुनं घर माळवदाचं होतं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर कड्या आणि किलचण, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा चांगला जाड थर. वर सपाट गच्ची. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना आत माठातल्यासारखं गार. खिडक्या जवळजवळ नाहीतच. असल्या तर हातभर, लाकडी गजांच्या, आणि त्याही अंगणाकडे. मग उजेड कुठून? तर वरून. माळवदालाच मधोमध एक चौकोनी भोक ठेवलेलं असायचं, तेच सानं. त्यातून चुलीचा धूर वर जायचा आणि उजेड खाली यायचा. पाऊस आला की कुणीतरी जिन्यावरून पळत वर जाऊन त्यावर परात नाही तर फरशी झाकायची. त्या कामासाठी आम्हा पोरांत भांडणं व्हायची.

सान्यातून पडलेला उन्हाचा चौकोन सकाळी भिंतीवर असायचा, मग उतरत उतरत जमिनीवर यायचा. आत्याचं घड्याळ तेच. "ऊन रांजणापाशी आलं, भाकरी टाकायला घ्या." आमच्या भागात मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो. मेमधल्या त्या दिवसांत तो चौकोन सान्याच्या बरोबर खाली, जमिनीवर शिक्का मारावा तसा पडलेला असायचा. त्याच्यात पाय ठेवला की चटका.

त्या घरात काच कुठे होती, हे आठवायला लागलो तर मोजून चार ठिकाणं सापडली. आत्याच्या हातातल्या बांगड्या, कंदिलाची काच, देवांच्या तसबिरी आणि मामंजींचा दाढीचा आरसा. खिडकीला एकही नाही. हे फक्त गरिबीमुळे होतं असं मला पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही.

काच काही आमच्या मुलखाला नवी नव्हती. पैठण गोदावरीच्या वरच्या अंगाला, फार लांब नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठा आहेत. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, असं तो सांगतो. पैठणहून भडोचला अकीकासारखे खडे जात. आणि भडोच बंदरात बाहेरून जो माल उतरे त्याच्या यादीत दारू, तांबं, कथील, शिसं यांच्याबरोबर कच्ची काचही आहे. म्हणजे काचेचे गोळे आणून इथे त्यांचे मणी घडवणारे लोक होते. तेर, नेवासे इथल्या उत्खननांत काचेचे मणी आणि बांगड्या मिळाल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी खणलं, तिथे बहामनी काळातल्या रंगीबेरंगी बांगड्या निघाल्या. त्यातल्या मोरेश्वर दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहास लिहिला.

याहून जवळचं सांगू? लोणार. आमच्या जिल्ह्याच्या मंठा तालुक्याला लागूनच. लोणारचं विवर, उल्का, खारं पाणी हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लोणारची नोंद केली आहे, ती काचेसाठी. इथे काच आणि साबण बनवायला लागणारं सामान मिळतं आणि त्याचा महसूलही चांगला येतो, असं तो म्हणतो. सामान म्हणजे तळ्यातला खार. नुसती वाळू वितळवायची तर सतराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. खार घातला की ती बरीच खाली येते आणि लाकडाच्या भट्टीलाही झेपते. लोणारच्या खाराचे प्रकारही होते आणि त्यांना गावठी नावं होती. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. गंमत म्हणजे लोणारला माणसाने काच करायच्या कितीतरी आधी निसर्गाने करून ठेवली होती. उल्का आदळली तेव्हा काळा पाषाण वितळून त्याची जागोजाग काच झाली, ती अजून सापडते.

खार होता, कारागीर होते, मग खिडकीची काच का नाही? एक कारण वाळू. आमची सगळी जमीन काळ्या पाषाणाची, त्यात लोह भरपूर. त्या वाळूची काच काळपट-हिरवी होणार. बांगडीला ते चालतं, उलट शोभतं, तावदानाला नाही. (आजही साध्या काचेची कड बाजूने पाहा, हिरवी दिसेल. ते लोहच.) महाराष्ट्रात काचेच्या कामाची पांढरी वाळू आहे ती सिंधुदुर्गात, कासार्डे-फोंड्याकडे. दुसरं कारण म्हणजे सपाट काच करणं हेच फार कठीण होतं. फुंकून मोठी नळकांडी करायची, ती चिरून, पुन्हा तापवून पसरायची. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात क्रिस्टल पॅलेस उभा राहिला तेव्हा त्याची सुमारे तीन लाख तावदानं याच रीतीने, माणसांनी छातीतल्या वाऱ्यावर फुंकून केली होती.

पण तिसरं कारण मला सगळ्यात पटतं. थंड देशात खिडकीला काच लागते, कारण वारा नको आणि उजेड हवा. आमच्याकडे वारा हवा आणि ऊन नको. काचेने नेमकं उलटं होतं. औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहा, सतराव्या शतकातला. तिथे संगमरवराची जाळी आहे. जाळीतून वारा येतो आणि ऊन चाळून येतं. गोव्यात पोर्तुगिजांनी खिडक्यांना शिंपले बसवले, पातळ, जवळजवळ पारदर्शक, नखाएवढ्या जाडीचे. त्यातून उजेड येतो तो दुधासारखा. पणजीत फोंतेन्हासमध्ये अशा खिडक्या मी पाहिल्यात आणि खोलीत उभं राहून पाहिलं की कळतं की या लोकांना काच मिळाली असती तरी त्यांनी शिंपलाच ठेवला असता.

आपल्या 'तावदान' या शब्दातही हेच आहे. तो फारसी 'ताबदान'वरून आला. त्याचा मूळ अर्थ काच नव्हेच, उजेड येण्याची जागा. झरोका. म्हणजे आत्याचं सानं हे खरं तावदान, आणि आपण ते नाव त्याला झाकणाऱ्या वस्तूला दिलं.

असो. काच आमच्या मुलखात शिरली ती खिडकीतून नव्हे, दिव्यातून. १९००च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे झाली, ती औरंगाबाद-जालन्यावरून जायची. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात. पलीकडे इंग्रजी मुलखात स्वदेशीचं वारं होतं. अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा करत होते. टिळक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. पहिले प्रमुख ईश्वरदास वार्ष्णेय. परदेशात काचेचं शिक्षण घेऊन आलेले. लोकांनी एकेक पैसा दिला तो काचेसाठी, पोलादासाठी नव्हे, याचं मला नेहमी नवल वाटतं. पण तेव्हा बांगडी, बाटली, चिमणी सगळं परदेशातून यायचं आणि फुटलं की पुन्हा पैसा परदेशात. काच हा रोज फुटणारा पारतंत्र्याचा पुरावा होता! हेच वार्ष्णेय पुढे उत्तरेत बहजोईला गेले आणि तिथल्या कारखान्यात तावदानाची सपाट काच होऊ लागली.

१९१६ मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या जागेवर ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील, वडिलांच्या नावाचा, महाराष्ट्रात घरोघर गेला. कारखाना नंतर बंद पडला, ओगलेवाडी हे नाव राहिलं. आत्याच्या घरी कंदील दोन होते. संध्याकाळी काच पुसायचं काम पोरांकडे, कारण आमचेच हात आत जायचे. चुलीतली राख आणि फडकं. काच फुटली तर रागावणं ठरलेलं, आणि नवी येईपर्यंत चिमणीवर भागवायचं. चिमणीचा धूरही सान्यातूनच जायचा.

मग माळवद गेलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं गेली, आणि बरीचशी त्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या छपराखालीच. आत्याचं गाव तिथून दूर, पण त्यानंतर आमच्या घरात माळवदाखाली कुणाला नीट झोप लागेना. वर्षभरात पाडलं. त्या जागी विटांच्या भिंती आणि स्लॅब आला. चार खोल्या एकामागे एक, आगगाडीसारख्या. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे मधल्या दोन खोल्यांना खिडकीच नाही. सानं ठेवायचं कुणाला सुचलं नाही. स्लॅबला भोक पाडायचं म्हणजे गळती, असं मिस्त्रीने सांगितलं. पुढच्या खोलीला मात्र घराण्यातली पहिली काचेची खिडकी आली. खालच्या भागात फुलाफुलांची काच, वर साधी. त्या साध्या काचेतून समोरची म्हैस पाहिली की तिचं पोट लाटेसारखं हलायचं. ओढून काढलेली काच तशीच असायची. एकसारखी, दोन्ही बाजूंनी आरशासारखी सपाट काच १९५९ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने जाहीर केलेल्या रीतीने होते: वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पुढे जाते आणि आपोआप सपाट होते. आपल्याकडे अंकलेश्वर, तळोजा इथले असे कारखाने १९९०च्या दशकात आले. आत्याच्या खिडकीपर्यंत ती काच पोचायला अजून वेळ होता.

आणि आत्या मधल्या खोलीत गेली. तीस वर्षं ती तिथेच आहे. दिवसासुद्धा दिवा लावून. वीज गेली की ती सरळ पडून राहते, कारण दुसरं काही करताच येत नाही. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आता अंधारात ठेचकाळते आणि ओट्यावर उन्हात बसवलं तर डोळे दिपतात. नवं घर बांधायचं निघालं तेव्हा सगळ्यांनी आपापलं मागितलं. कुणाला मॉड्युलर किचन, कुणाला गॅलरी. तिने एवढंच मागितलं.

तर दिवाळीत गेलो. आधी निळ्या काचेचा निकाल. पुतण्याला मी काही समजावलं नाही, रात्री आठ वाजता त्याच शोरूमसमोर नेऊन उभं केलं. अशी काच ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूला आरसा होते. दिवसा बाहेर उजेड, म्हणून आतलं दिसत नाही. रात्री दिवे आत. आतला एक पोरगा टेबलावर डबा उघडून जेवत होता आणि त्याच्या डब्यातली भाजी आम्ही रस्त्यावरून ओळखली. पुतण्या म्हणाला, "म्हंजे आख्खं गाव आपल्याला जेवताना बघंल." शिवाय त्याचं दर्शनी अंग पश्चिमेला. साधी पाच-सहा मिलिमीटरची काच उन्हातली आठ-दशांश उष्णता आत सोडते. निळी आरसेवाली त्याहून पुष्कळ कमी, पण भिंतीची बरोबरी ती करत नाही. शेवटी तह झाला. निळी काच फक्त जिन्याला, उभी पट्टी. बाकी खिडक्या साध्या काचेच्या, वर दोन फुटांचा छज्जा.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. गॅलरीच्या दाराला कडक केलेली काच. तिला टफन्ड म्हणतात. तापवून एकदम गार केलेली, साध्यापेक्षा चार-पाच पट मजबूत, आणि फुटलीच तर साखरेच्या खड्यांसारखी. आमच्या ओळखीच्या एका घरात सरकत्या दाराला साधी काच होती. दार बंद आहे हे न कळून एक सात वर्षांचा मुलगा पळत तिच्यात घुसला. मी तिथे होतो. त्याच्या दंडावर अजून वण आहे. फरक काही हजारांचा होता.

आता सानं. यावर मी जेवढा विचार केला तेवढा स्वतःच्या घराच्या वेळी केला नव्हता. डोक्यावरची काच नुसती टफन्ड चालत नाही, कारण फुटली तर दाणे खाली माणसावर. दोन काचा मध्ये चिकट पापुद्रा घालून एकत्र केलेली हवी, म्हणजे फुटली तरी जागेवर राहते. मधला पापुद्रा दुधी घेतला, त्या फोंतेन्हासच्या शिंपल्यांच्या आठवणीने. दीड फूट बाय दीड फूट. प्रत्येकी पाच मिलिमीटरच्या दोन काचा. काचेचं वजन चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे अडीच किलो, म्हणजे ही साधारण सव्वापाच किलोची. स्लॅबच्या वर नऊ इंचांचा कठडा, म्हणजे पाणी आत येणार नाही. काच थोडी उत्तरेकडे उतरती, आणि कठड्याच्या दोन बाजूंना जाळी, गरम हवा निघून जायला. धूर आता नाही, पण आत्या म्हणाली धुरासाठी वाट ठेवाच. उदबत्तीचा असतो.

पुतण्याला सगळं पटलं. मिस्त्रीला निम्मं पटलं. "काका, एवढ्या भोकाला एवढा खर्च?" असं तो दोनदा म्हणाला.

मापं मी घेतली. आणि इथे माझी पुण्याची अक्कल कामी आली. काच बसते चौकटीच्या आतल्या खाचेत; मी माप दिलं बाहेरच्या कडेचं. काच आली ती चारी बाजूंनी अर्धा इंच मोठी. साधी असती तर हिरकणीच्या कलमाने जागेवर कापली असती. पण मी हौसेने दोन्ही काचा टफन्ड सांगितल्या होत्या, आणि टफन्ड काच एकदा झाली की कापता येत नाही. कलम लावलं की सगळीचे दाणे. दुकानदाराचा काहीच दोष नाही, त्याने कागदावरचं माप तंतोतंत दिलं होतं. आता चौकट नवी करायची आणि कठडा फोडून रुंद करायचा. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेलाय, महिनाभराने येतो म्हणाला.

काच पलंगाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. आत्या मात्र थांबली नाही, सामान आधीच त्या खोलीत हलवलं. पुतण्या परवा सांगत होता, सकाळी भिंतीवर ऊन येतं तेव्हा ती खाटेवरून बघत बसते. मध्यंतरी अवकाळी पाऊस झाला, तेव्हा त्याची सहा वर्षांची मुलगी पळत गच्चीवर गेली आणि सान्यावर परात ठेवून आली.